दाढांतले वीर

सदाशिव पेठेत आमच्या गल्लीत बायकांचा गीतापठणाचा वर्ग भरतो. तिथलं गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या विश्वरूपाचं जुनं छापील चित्र कसर लागून पार विरलं होतं. गीताजयंतीच्या आत ते कॅनव्हासवर मोठं करून द्या, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी एरवी गणपतीतल्या देखाव्यांचे पडदे रंगवतो.

अशी चित्रं आपल्याकडे घरोघरी पोचली ती शिळाछापामुळे. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा आणि ठशावर ठसा नेमका बसवावा लागायचा. आमच्या चित्रात लाल ठसा जरासा सरकला होता, त्यामुळे सगळ्या ओठांना दुहेरी कड आली होती.

मधोमध निळा विष्णू. दोन्ही बाजूंना पंख्यासारखी उलगडलेली मस्तकं, त्यांत शंकर, ब्रह्मदेव, गणपती. हातांची दाटी, प्रत्येकात वेगळं आयुध. पायाशी हात जोडलेला इवलासा अर्जुन आणि मागे त्याचा रथ. आखणी करताना एक गोष्ट लक्षात आली. हात वाढवून देव मोठा होत नाही, गर्दी तेवढी वाढते. अर्जुन दोन बोटं लहान केला, तेव्हा कुठे देव उंच वाटायला लागला.

खरा पेच उजवीकडच्या एका मुखाचा होता. त्या मुखाच्या दाढांत योद्धे अडकलेले होते. वर्गातल्या काहीजणी म्हणाल्या, "तेवढं गाळा हो. लहान मुलं येतात, घाबरतील." वर्ग चालवणाऱ्या काकूंना ते पटेना. "अरे, भीष्म, द्रोण, कर्ण त्या तोंडात शिरताना अर्जुनाला दिसतात. आम्ही ते म्हणायचं आणि तू गाळायचं?"

दोन्ही बाजू मला पटत होत्या. रक्त न दाखवता भय कसं रंगवायचं, हे शोधत मी बाजीराव रस्त्याच्या केळकर संग्रहालयात पैठण शैलीची चित्रकथीची चित्रं पाहायला गेलो. कथेकऱ्यांनी समोर धरून गोष्ट सांगायची ही चित्रं. मोठाले डोळे, जाड रेघ, सपाट रंग. छायाप्रकाशाचा खेळ नाही, तरी राक्षस अंगावर येतो, कारण रेघेत कुठेही चाचपडणं नाही. दाढांतले वीर तसेच करायचे ठरवले, बारीक आणि ठसठशीत. रक्ताचा थेंब नाही, पण मान कुठे चिरडली आहे हे स्पष्ट दिसेल.

मधल्या चेहऱ्यावर मात्र ब्रश टेकवेना. उग्र केला तर नमस्कार कोण करणार? हसरा केला तर शेजारी चाललेला संहार खोटा ठरणार. काकूंनी ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय पुढे ठेवला. त्याच्या आरंभीच ज्ञानदेव सांगतात की इथे अद्भुत रस शांत रसाकडे पाहुणा म्हणून आला आहे. मला रंगाचा हिशेब मिळाला. यजमान शांत, पाहुणा अद्भुत. मधल्या मुखावर हसू नको आणि राग नको. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ सरळ, निळ्यात पांढऱ्याचा उठाव अगदी कमी. बाहेरच्या मुखांकडे जाऊ तसा लाल आणि पिवळा चढत जाईल. डोळ्यांच्या जागी सूर्य आणि चंद्र गीतेतच आहेत, ते कडेच्या मुखांना दिले.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला चित्रासमोर अकरावा अध्याय म्हटला गेला, सगळे पंचावन्न श्लोक. एक मुलगा दाढांतल्या वीरांपाशी बोट नेऊन "हा कोण, हा कोण" विचारत राहिला. घाबरलेला काही दिसला नाही. गाळा म्हणणाऱ्यांतल्याच एका बाईंनी त्याला कर्ण कोण ते सांगितलं.

गोड विश्वरूपं बाजारात पुष्कळ मिळतात, विकलीही जातात. पण त्याच अध्यायात अर्जुन देवाला विनवतो की हे रूप आवर, मला तुझं चतुर्भुज रूप दाखव. चित्रातलं भय पुसलं तर ती विनवणी कशासाठी, हे पाहणाऱ्याला कळणार नाही. असं काम पुन्हा आलं, तर दाढांतले वीर राहतील, हे मी आधीच सांगून टाकेन.