कढई

१ डिसेंबर २०२४, रविवार. शिरूर

आगमनकाळाचा पहिला रविवार. पहिली मेणबत्ती पेटली. पाळकसाहेब आशेवर बोलत होते. माझं लक्ष पुढच्या बाकावरच्या मुलीच्या सुटलेल्या रिबिनीवर. बाहेर आल्यावर तिघीचौघींनी एकच विचारलं, "दौंडला पहिला सण घेऊन तुम्हीच जाणार ना?"

मीच जाणार. धाकटा भाऊ ऑगस्टमध्ये गेला. ज्या घरातलं माणूस गेलं, तिथे पहिल्या सणाला कढई चढत नाही. लेकींनी, सोयऱ्यांनी तळलेलं घेऊन जायचं. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने ही रीत काही धुतली गेली नाही. पवित्र शास्त्रात ती कुठेच नाही. पण आमच्या शिरुरात कर्नल वॉलेस या इंग्रजाच्या १८०९ सालच्या समाधीला शेतकरी सत्पुरुष म्हणून नैवेद्य दाखवत आले, तिथे आमच्या कढईचं काय एवढं! शिवाय रिकाम्या हाताने त्या घरात शिरायचं तरी कसं?

८ डिसेंबर

भाच्याचा फोन. "आत्या, माळ्यावरची चांदणी काढू का?"

"आईला विचार."

"ती नको म्हणते."

"आणि आजी?"

"आजी काहीच म्हणत नाही. दिवसभर बायबल घेऊन बसते."

चांदणी भावाच्या हातची. बांबूच्या कामट्या, वर दरवर्षी नवा पतंगी कागद. तो रेल्वेत गार्ड. २०२२ पासून रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा म्हणाला होता, "पगार तोच, डबा तोच, नुसतं नाव मोठं." पंचवीस तारखेला तो बहुतेक मनमाडच्या वाटेवर कुठेतरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात असायचा. त्यामुळे त्यांच्या घरी नाताळ कधी तेवीसला यायचा, कधी सत्तावीसला. ज्या दिवशी तो घरी, त्या दिवशी सण. यंदा कुठली तारीख धरायची, हा प्रश्न वहिनीला पडला असेल.

१५ डिसेंबर

दीडशे करंज्या. शेजारच्या काकू कातण फिरवायला आल्या. निम्म्या झाल्यावर हळूच विचारलं, "तुमच्यात रडत नाहीत का गं? स्वर्गात गेला म्हणतात ना?"

मी म्हटलं, रडतात. मातीच्या दिवशी एकजण वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, रडू नका, तो प्रभूकडे गेला. मला तेव्हा त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं होतं. लाजरच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, आणि तेही आपण त्याला उठवणार हे ठाऊक असताना. मग वहिनीने का रडू नये?

काकू म्हणाल्या, "मग नाताळ आनंदाचा कसा करणार?"

मी सारण भरत राहिले. काकूंच्या करंज्यांचे काठ माझ्यापेक्षा सुबक.

२१ डिसेंबर, शनिवार. केडगाव

न्हावरा, मग भीमेचा पूल, मग चौफुला. मांडीवर डबा. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या आणि गुऱ्हाळांचा तो गोड-करपट वास. आईने बजावलं होतं, येताना पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जाऊन ये.

आईची आजी इथली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींपैकी. सात-आठ वर्षांची होती. मोठी झाल्यावर मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायची. आई सांगते, म्हातारपणी गोधडीवर पडल्या पडल्या तिची बोटं हलायची, जणू अजून खिळे उचलतेय. उलटी अक्षरं तिला सुलट्याहून लवकर वाचता यायची.

आवारात उभी राहून मी महिने मोजले. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा २४ जुलै १९२१ला मिरजेला वारली. चाळिशीची. शाळा, संस्था, सगळं जिच्या हाती सोपवायचं, तीच. म्हणजे त्या वर्षीचा नाताळ पाच महिन्यांवर. माझ्या आईला चारच झालेत.

रमाबाईंना हे नवं नव्हतं. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या वर्षांत. भाऊ १८८० मध्ये. नवरा १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत. तेव्हा मनोरमा तान्ही होती. एकामागून एक सगळे गेले, ती एक उरली होती. आणि शेवटी तीही. बाईंना तोवर ऐकूही नीट येत नव्हतं. टेबलावर बायबलचं भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून, स्वयंपाकघरातल्या, शेतातल्या बाईलाही कळावं अशा मराठीत. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या. ग्रंथ छापून आला १९२४ मध्ये. त्याची एक पोटातून फाटलेली, खळीने चिकटवलेली प्रत आईच्या उशाशी असते.

लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं, केवढा धीर! आता ती गोष्ट मला धीराची वाटत नाही. लेक गेल्यावर एका शब्दाला दुसरा शब्द चपखल बसला, तर त्या क्षणी बाईंना आनंद झाला असेल का? झाला असेल तर त्यांनी स्वतःला तो होऊ दिला का? माझा प्रश्न तेवढाच आहे. भाऊ गेल्यापासून मी दोनदा खळखळून हसले, आणि दोन्ही वेळा तोंडावर हात ठेवला.

शटलने कडेठाण, पाटस, दौंड. फलाटावर गार्डची काळी लोखंडी पेटी दिसली. दुसऱ्या कोणाची तरी.

२४ डिसेंबर. दौंड, रात्री उशिरा

घरात चांदणी नाही, गोठा नाही. डबा फ्रीजवर. जेवणानंतर भाच्याने आजीची प्रत घेऊन मत्तयातला जन्माचा भाग वाचला. मागी आले, नजराणे दिले, दुसऱ्या वाटेने गेले. तिथे तो थांबला.

"पुढे वाच," आई म्हणाली. चार महिन्यांत तिने पहिल्यांदा काही फर्मावलं.

पुढे हेरोद. बेथलेहेमातली दोन वर्षांखालची मुलं. राहेल मुलांसाठी रडते आणि सांत्वन नको म्हणते. नाताळच्या नाटकात आम्ही हा प्रवेश कधीच घेत नाही. मुलांना मेंढपाळ आणि देवदूत पुरतात. वहिनी खाली बघत होती.

"ही बाई जन्माच्या गोष्टीतच आहे," आई म्हणाली. "तिला कोणी बाहेर काढली नाही."

बोलायचं होतं ते एवढंच. मग आडवी झाली.

अकराच्या सुमारास ढोलकी ऐकू आली. कॅरलवाले. शेजारी गायले, त्याच्या पुढच्या दारी गायले. आमच्या फाटकापाशी आल्यावर ढोलकी थांबली, चपला दबक्या वाजल्या, आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सूर लागला. दुःखाचं घर म्हणून. चांगल्या मनाने केलं त्यांनी.

आई उठून बसली. "आपलं घर का गाळलं?"

कोणी बोललं नाही.

"जा रे, बोलाव त्यांना!"

भाचा अनवाणी धावला. वीस-बावीस पोरं ओशाळी होऊन अंगणात उभी राहिली. त्यातला एक भावाच्या जोडीचा गार्ड; तो आईच्या पाया पडला आणि मग त्याला गाता येईना. मुलांनी आधी हळू आवाजातलं गाणं धरलं. आईने हाताने थांबवलं. "ते नको. ढोलकीवाल्याचा हात दुखेल असं म्हणा."

म्हटलं त्यांनी. वहिनी मध्येच स्वयंपाकघरात गेली. मी मागे जाणार होते, गेले नाही. ती डोळे पुसून आली ते डबा घेऊनच. थंडीत तीन तास फिरलेली पोरं, दीडशे करंज्या दहा मिनिटांत संपल्या. एकाने डब्यातला चुरासुद्धा ओंजळीत घेतला. तेव्हा वहिनी हसली. तोंडावर हात गेला तिचा, पण उशिरा.

२५ डिसेंबर

उपासना, प्रभूभोजन. दारात हस्तांदोलनं, मिठ्या. "नाताळ मुबारक" म्हणावं की नाही, यात काहीजण अडखळले. काहींनी नुसता हात दाबला.

घरी आलो तर पाळकसाहेबांसकट माणसं येणार, आणि डबा रिकामा. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाजारातून आणू. तिने ओट्याखाली वाकून कढई काढली. चार महिन्यांची धूळ बसली होती, ती राखेने घासली.

"ताई, मोहन किती घालता?"

"किलोला वाटीभर. कडकडीत."

भाचा माळ्यावर चढला होता. वरून बांबूच्या कामट्यांचा खडखडाट आला आणि पाठोपाठ त्याच्या शिंका. पहिला घाणा जरा जास्तच तांबूस झाला. आईने एक शंकरपाळी तोंडात टाकून बराच वेळ चघळली आणि म्हणाली, "साखर कमी पडली गं."