लाल मग, निळा मग

परवा आमच्याकडे भिशीच्या बायका आल्या होत्या. थंडी बरी पडली होती, म्हणून चहाऐवजी एक लालभडक, वाफाळतं पेय दिलं. पहिला घोट घेऊन एकीनं विचारलं, "कषाय केलाय काय हो?" दुसरी म्हणाली, "छे, काढा एवढा चांगला कधी लागतो?" तिसरीनं मात्र कप नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "यात काही घातलेलं नाही ना?"

बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. हाच प्रश्न मी एकदा विचारला होता, आणि माझी विचारायची रीत तिच्यापेक्षा वाईट होती.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीत, स्टुटगार्टला गेलो होतो. सून धारवाडची. आमच्याशी मराठी, फोनवर माहेरी कानडी आणि खाली दुकानात जर्मन, असा तिचा कारभार. साडेचारलाच अंधार पडायचा. गावात नाताळचा बाजार भरला होता. १६९२ सालापासून त्याची नोंद आहे म्हणतात. लाकडी टपऱ्या, त्यांच्या छपरांवर सजावट, आणि सगळीकडे दालचिनी-लवंगेचा वास. मला वाटलं कुणी मसालेभात शिजवतंय. मुलगा म्हणाला, "आई, ती ग्लूवाइन. गरम केलेली वाइन." मग चाचरत पुढे म्हणाला, "उकळतात ना ती, त्यात काही राहत नाही."

तो चाचरला त्याला कारण होतं. आमच्या यांनी २००९ साली दारू सोडली. त्याआधीची वर्षं कशी गेली ते इथं लिहीत नाही. ज्यांच्या घरात ते झालंय त्यांना सांगावं लागत नाही. पण त्या काळात मला एक सवय लागली होती. हे बाहेरून आले की पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जायचं आणि वास घ्यायचा. दारू सुटली, माझी सवय काही सुटली नाही.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना तिकडे मान असतो. त्यातल्या एका रविवारी त्यांनी आख्ख्या इमारतीला बोलावलं. मी सुनेला घेऊन तासभर आधीच गेले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शेगडीवर दोन पातेली होती. एकात तिथल्याच मळ्यातल्या द्राक्षांची लाल वाइन. स्टुटगार्टात शहराच्या मधोमध उतारांवर द्राक्षमळे आहेत, हे मी तिथं जाऊन पाहिलं. महाग वाइन यात घालणं म्हणजे पैसे फुकट, असं आजींचं मत. एका बाटलीला एका संत्र्याच्या चकत्या, दालचिनीच्या दोन कांड्या, तीन-चार लवंगा, एक चक्रीफूल आणि दोन-तीन चमचे साखर. लवंग जास्त झाली की औषध होतं म्हणाल्या. आणि आच अगदी मंद. मी सुनेकरवी विचारलं, "उकळत नाही?" आजींनी कानाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला. उकळली की चव गेली! नुसती वाफ दिसू लागली की गॅस बंद, झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास मुरू द्यायची आणि गाळून परत कोमट करायची.

म्हणजे मुलाचं बोलणं खोटं ठरलं. आल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, आणि त्याच्या आतच पातेलं उतरवायचं, हीच तर त्यातली मेख. ते उडून जाऊ नये म्हणूनच तर ही सगळी काळजी. युरोपात ग्लूवाइन या नावानं विकायची तर त्यात किमान ७ टक्के आल्कोहोल असावंच लागतं. आणि खळखळा उकळली तरी सगळं जात नाहीच. अर्धा तास शिजवलेल्या पदार्थात साधारण तिसरा हिस्सा उरतो, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता सांगतो. ज्यांच्या घरी कुणी सोडलेली आहे, त्यांनी 'शिजवलंय, काही होत नाही' या बोलण्यावर जाऊ नये. आल्कोहोल नसलेली वाइन म्हणून बाटली मिळते, तिच्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतं. आणि चव तर तीच, जुनी.

दुसरं पातेलं मुलांचं. त्याला किंडरपुंश म्हणतात. काळ्या द्राक्षांचा रस, सफरचंदाचा रस आणि फळांचा लाल चहा, तिन्ही सारखे. मसाला तोच. त्या चहाच्या पुड्यावरचं चित्र बघून सून ओरडलीच, "अत्ती, इदु पुंडी!" बघते तर खरंच, आपली लाल अंबाडी. तिची वाळवलेली बोंडं. आपल्याकडे पुंडी पल्ल्या करून भाकरीबरोबर खातात त्याच कुळातली. सातासमुद्रापार अंबाडी भेटल्यावर मला आजी एकदम आपल्यातल्या वाटल्या.

आजींची शिस्त मोठी. दोन पातेल्यांना दोन पळ्या. वाइनला लाल मग, मुलांना निळे. यांच्यासाठी निळा मग हवा एवढंच सुनेनं सांगितलं. आजींनी का म्हणून विचारलं नाही.

पाहुणे जमले. मी कोपऱ्यात बसून एक डोळा यांच्यावर ठेवून होते. थोड्या वेळानं बघते, तर खिडकीपाशी उभे राहून कुणाशी तरी बोलतायत आणि हातात लाल मग.

मी उठले, तिथं गेले आणि मग हातातून काढून घेतला. सरळ नाकाशी नेला. दालचिनी, लवंग, संत्रं. त्या वासात वाइन आहे की नाही ते देवालाही कळलं नसतं. मग मी प्यायले. आंबट-गोड, अंबाडीची ओढ जिभेला कळली. रस होता. मुलं जास्त आली, निळे मग संपले, म्हणून आजींनी लालमध्ये ओतून दिला होता.

खोलीत कुणाला काय समजलं कोण जाणे. मुलाला समजलं होतं, तो खाली बघत होता. हे एवढंच म्हणाले, "बघितलंस? आता दे." आणि मग घेऊन शांतपणे पिऊ लागले.

रात्री अंथरुणात म्हणाले, "नऊ वर्षं झाली."

"माहीत आहे," मी म्हटलं. आणखी काही सुचलं नाही.

बेळगावला परत आल्यापासून दर थंडीत किंडरपुंश आमच्याकडे हेच करतात. ओळखीच्या एका बाईंच्या शेतातून लाल अंबाडीची बोंडं येतात, ती वाळवून ठेवतो. मूठभर बोंडं अर्धा लिटर पाण्यात उकळून गाळायची, त्यात तेवढाच द्राक्षाचा आणि तेवढाच सफरचंदाचा रस, दालचिनी, लवंग, आणि यांच्या डोक्यातून निघालेला आल्याचा तुकडा. हे खुशाल उकळावं, यात जपण्यासारखं काही नाही. संत्र्याचा रस मात्र उतरवल्यावर पिळायचा, नाहीतर कडवटपणा येतो. रस गोड असले तर साखर लागत नाही.

पहिला कप ते माझ्याच हातात देतात. "चाखून बघ" म्हणतात. साखर बघायला की आणखी कशाला, ते मी विचारलेलं नाही. परवा मात्र बायकांच्या गडबडीत चाखायचं राहूनच गेलं. आलं जरा जास्त पडलं होतं, ते त्या तिसरीनंच सांगितलं.