'काय नाही, सर'

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरची मॅच म्हणजे पेठेचं घरचं कार्य. त्यामुळे बारा वर्षांचा मुलगा सरावाला जाऊ लागला, तेव्हा मी खूश होतो.

एका सामन्यात हेडर घेताना त्याचं डोकं दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आदळलं. तो उठला, पण आपल्याच गोलकडे चालू लागला. सरांनी तोंडावर पाणी मारलं. "काय झालं काय?" "काय नाही, सर." लगेच खेळ सुरू. कडेला उभा राहून मीही टाळ्या वाजवल्या.

रात्री त्याला उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, कन्कशन. मोडलेलं हाड दिसतं, हे दिसत नाही. मेंदू कवटीत हिंदकळतो. तो सावरायच्या आत पुन्हा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून नुसती शंका आली, तरी त्या दिवशी खेळ बंद करायचा असतो. इंग्लंडमध्ये तर २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर न देण्याची सूचनाच आहे.

सरांना भेटलो. "आमच्या वेळी असलं काय नव्हतं," म्हणाले. माणूस वाईट नाही. गरीब पोरांना पदरमोड करून बूट घेऊन देतो. पण संघातली जागा ज्याच्या हातात, त्याला बारा वर्षांचं पोर दुसरं काय उत्तर देणार? त्याला विचारायचंच नव्हतं. मोठ्यांनीच त्याला बाहेर घ्यायला हवं होतं.

आणि त्या मोठ्यांत मीही होतो.