झाशीत पर्स हरवली तेव्हा...

राजा वीरसिंह देवांच्या काळातला, १६१३ चा झाशीचा किल्ला पाहून आम्ही इलाइट चौराह्यावर आलो. गजबजलेल्या बाजारात साडीचे पैसे द्यायला गेले, तर पर्सच नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आधी कार्ड बंद कर, मग रड,’ ह्यांनी बजावलं. खरंच होतं ते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, बँकेला कळवल्यानंतर कुणी पैसे काढले तर तो भार ग्राहकावर पडत नाही. ह्यांच्या फोनवरून कार्ड बंद केलं. पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घेतली. परतीच्या गाडीत मोबाइलच्या डिजिलॉकरमधलं आधारकार्ड चाललं.

पासपोर्ट पर्समध्ये नव्हता, हे नशीब! परदेशात तो हरवला, तर तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय वकिलात गाठावी लागते. तिथे मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त एकदा, भारतात परतण्यापुरतंच चालतं. म्हणून पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स प्रती आणि बँकेचा फोन नंबर नेहमी वेगळ्या बॅगेत ठेवा. पैसेही दोघांकडे विभागून असावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओरछा पाहिलं, अर्थात ह्यांच्या खिशातल्या पैशांवर!