मत एका दारी, कारभार दुसऱ्या दारी

पुण्याच्या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे, हे आपल्या घरातल्या लहान लेकरालाही ठाऊक असते. पण नगरपालिकेने मार्केटवर एवढा पैसा ओतू नये म्हणून खुद्द जोतीराव झगडले होते, हे किती घरांत सांगितले जाते? १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. निवडून आलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विरोध नोंदवला तो एकट्या जोतीरावांनी. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. मार्केटच्या खर्चाबद्दलही तेच म्हणणे. पण मार्केट झालेच. १८८६ साली ते उघडले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट झाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याचे नाव महात्मा फुले मंडई झाले. मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ पासून उभा आहे आणि नाव मात्र जोतीरावांचे. पुण्याच्या स्वभावाला हे धरूनच आहे म्हणायचे!

या मंडईची आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. एकेकाळी नगरपालिकेची कचेरी याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली भाजीवाल्या, हमाल, गिऱ्हाईक यांची झुंबड आणि वर शहराचा कारभार. त्या जुन्या कारभाराचे गोडवे आम्ही गाणार नाही. वर बसणारे कोणत्या जातीचे होते आणि खाली ओझी वाहणारे कोणत्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही एक गोष्ट होती. कारभार कुठे बसतो, हे माणसाला बोट करून दाखवता येत होते. आज दाखवता येईल का?

आमच्या वस्तीतले एक गटार तुंबले, तेव्हा आम्ही चौघे अर्ज घेऊन निघालो. पहिल्या कचेरीत सांगितले, ही जागा आमच्याकडे येत नाही. दुसरीत सांगितले, लाईन आमची पण काम दुसऱ्या खात्याचे. तिसरीत साहेब नव्हते. तीन दिवसांची हजेरी बुडाली. शेवटी वस्तीतल्या पोरांनीच बांबू घालून गटार मोकळे केले. वाचकहो, अशी हकीकत तुमच्याही घरी असेलच. आम्ही ती सांगतो आहोत ती एवढ्यासाठी, की प्रत्येक खिडकीवरचा माणूस कदाचित खरेच बोलत होता.

कारभाराचे तुकडेच तसे पडले आहेत. बोपोडी घ्या. ती पुणे महापालिकेत. मुळा नदीवरचा पूल ओलांडला की दापोडी, ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत. अलीकडे खडकी बाजार, तो कटक मंडळाच्या, म्हणजे दिल्लीच्या संरक्षण खात्याच्या हाताखाली. भाऊ बोपोडीत, बहीण दापोडीत आणि मावशी खडकीत असे एकच कुटुंब तीन कारभारांत वाटले गेलेले आम्ही पाहतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या पवित्र ठिकाणी जायला आपण घरून निघालो, की वाटेत दोन महापालिका आणि कटक मंडळ अशा हद्दी लागतात. सणाच्या दिवशी गर्दीची, पाण्याची, बसची गैरसोय झाली तर विचारायचे कुणाला?

बसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १ जून २०२५ पासून पीएमपीचे तिकीट वाढले. कमीत कमी तिकीट पाचाचे दहा झाले, दिवसाचा पास चाळीसाचा सत्तर आणि महिन्याचा पास नऊशेचा पंधराशे. पहाटे उठून चार घरची धुणीभांडी करायला कोथरूड-बाणेरला जाणाऱ्या बाईच्या संसारात महिन्याला सहाशे रुपये म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना समजावण्याची गरज नाही. भाडे वाढवायला कारणे असतील. डिझेल आहे, पगार आहेत, तोटा आहे. पण ज्या दिवशी ही वाढ लागू झाली, त्या दिवशी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक पदावर नव्हता. पीएमपी ही २००७ पासूनची कंपनी, दोन महापालिकांच्या मालकीची. मालक दोन, आणि दोन्ही घरांत प्रशासक.

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी, तीही सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर. मधली जवळजवळ चार वर्षे शासनाने पाठवलेला अधिकारी हाच आयुक्त आणि हाच प्रशासक होता. अंदाजपत्रक तोच मांडी आणि तोच मंजूर करी. २०२५-२६ चे अंदाजपत्रक बारा हजार कोटींच्या वरचे होते. जोतीरावांनी हजार रुपयांवरून भर सभेत विरोध नोंदवला, तो निदान नोंदवता तरी आला. इथे बारा हजार कोटींना "नाही" म्हणायला सभाच भरत नव्हती.

कुणी म्हणेल, आता निवडणूक झाली, सभागृह भरले, मग ओरड कशाची? ओरड अशी आहे. १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. आपल्या समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव झाल्या, महिलांना एकतृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. वस्तीतल्या कितीतरी भगिनी नगरसेविका झाल्या. ही लहान गोष्ट नव्हे. पण आपण खुर्चीपर्यंत पोचलो, तोवर सत्तेने खोली बदलली. महाराष्ट्रातल्या महापालिका कायद्यात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताला आहे, महापौराला नाही. महापौराला मान आहे, गाडी आहे, सभेची घंटा आहे. झोपडपट्टीचे पुनर्वसन २००५ पासून वेगळ्या प्राधिकरणाकडे गेले. मेट्रो केंद्र आणि राज्याच्या कंपनीकडे आहे. २०२४ साली मंडईच्या पोटात मेट्रोचे स्थानक सुरू झाले, पण त्यावर मंडईतल्या मतदाराचा नगरसेवक काय बोलणार? शहराबाहेरचा सगळा वाढता पट्टा ३१ मार्च २०१५ पासून पीएमआरडीएकडे आहे आणि तिचे अध्यक्ष मुख्यमंत्री.

ठराव कागदावर आणि अंमल दुसऱ्याच्या हातात, याची चव आपल्या समाजाने फार आधी घेतली आहे. रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव होता, पाणी नव्हते. ते घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंना घेऊन तळ्यावर जावे लागले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! चळवळीच्या इतिहासात आपण तळे पाहतो, सत्याग्रह पाहतो. त्यामागे एक नगरपालिका होती, हेही मुलांना सांगायला हवे.

पुणे करार तर आपल्याच शहरातला, येरवड्याच्या तुरुंगातला, २४ सप्टेंबर १९३२ चा. त्यातल्या विधिमंडळाच्या जागांबद्दल आपण नेहमी बोलतो. पण स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अस्पृश्य म्हणून कुणाला अपात्र ठरवू नये आणि तिथेही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे कलम त्यात आहे, हे फारसे कुणी वाचत नाही. बाबासाहेबांचे लक्ष गावच्या नळापर्यंत होते.

आता प्रभागाचे पाहू. २०१७ साली चार नगरसेवकांचा प्रभाग आला आणि २०२६ साली पुन्हा तोच. १६५ जागा, एक्केचाळीस प्रभाग. २०११ च्या जनगणनेच्या हिशेबानेसुद्धा एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक माणसे. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक. मुंबईकराला एक चालतो आणि पुणेकराला चार लागतात, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही. आमच्या मते या चारांच्या प्रभागाने वस्तीचे नुकसान केले. गटार तुंबले की चारही जण एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि राखीव जागेवर कोण बसावे, हे वस्ती ठरवत नाही, ऐंशी हजारांचा प्रभाग ठरवतो. एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करायला जो पैसा लागतो, तो वस्तीतल्या कार्यकर्त्याकडे नसतो. मग तो मोठ्या पक्षाच्या पॅनेलच्या मागे उभा राहतो आणि निवडून आल्यावरही पॅनेलच्याच मागे उभा राहतो.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात एकाहून अधिक जागांचे मतदारसंघ होते. पण तिथे मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला तिचा मोठा उपयोग झाला. विखुरलेला, अल्पसंख्य समाज आपली ताकद एका जागी एकवटू शकला. आज चार जागांना चार वेगळी मते द्यायची असतात, ती एकाला देता येत नाहीत. म्हणजे अनेक जागांचा प्रभाग ठेवला आणि त्यातला दुबळ्याच्या कामाचा भाग तेवढा काढून टाकला.

शहराची हद्द आणि शहराचा त्रास यांचाही मेळ नाही. मंडईतल्या कोबीच्या पाल्यासह पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. विहिरींचे पाणी नासले ते तिथल्या लोकांचे, आणि कचरा कुठे टाकायचा हे ठरवणाऱ्या सभागृहासाठी त्यांना मतच नव्हते. २०१७ साली ही गावे महापालिकेत घेतली आणि २०२४ साली पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. घास एकाच्या तोंडी आणि खरकटे दुसऱ्याच्या अंगणात, अशी ही रीत.

घटनेने यावर उपाय सांगून ठेवला आहे. महानगर नियोजन समिती असावी आणि तिचे दोनतृतीयांश सभासद नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यावेत. महाराष्ट्राने त्यासाठी १९९९ साली कायदाही केला. पुण्याच्या समितीची निवडणूक नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, आणि चार महिन्यांत दोन्ही महापालिकांची सभागृहेच संपली. पीएमआरडीएने २०२१ साली प्रसिद्ध केलेला विकास आराखडा शासनाने २०२५ मध्ये रद्द केला. आराखडा केला वरून, मोडला वरून.

हे सगळे असेच चालायचे, असे मात्र नाही. कलकत्त्यात १९८० च्या दशकापासून महापौर आणि त्यांचे मंडळ कारभार चालवतात, मंत्रिमंडळासारखे. आपल्याकडे १९९८ साली मुंबई आणि नागपूरला तसा प्रयोग केला आणि वर्षभरात गुंडाळला. ज्या लंडनमध्ये बाबासाहेब शिकले, तिथली महानगर परिषद सरकारने १९८६ साली बरखास्त केली होती. चौदा वर्षे एवढ्या मोठ्या शहराला स्वतःचे एक सरकार नव्हते. २००० साली लोकांनी थेट निवडलेला महापौर आणि सभागृह आले, आणि बस व भुयारी रेल्वे त्यांच्या हाताखाली गेली. तिथे तिकीट वाढले तर मतदाराला ठाऊक असते, पुढच्या निवडणुकीत कुणाला विचारायचे.

आपला समाज बाबासाहेबांच्या सांगण्यावरून गावकी सोडून शहरात आला. महारवाड्यातून निघालेला माणूस शहरात नागरिक होईल, हा त्यामागचा विचार. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. बोपोडी, दापोडी, खडकी, देहूरोड, फुरसुंगी या सगळ्यांची मिळून निवडून दिलेली एक महानगर सभा हवी आणि बस, पाणी, कचरा, घरे यांचा कारभार तिला जबाबदार हवा. प्रभाग एका नगरसेवकाचा हवा. आणि चार ठेवायचेच असतील, तर १९३७ सारखी मते एकवटायची मुभा हवी.

हे व्हायला काळ लागेल. तोवर हातात असलेले सोडू नये. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांनी कामे सुचवावीत अशी सोय अंदाजपत्रकात आहे, आणि तिचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. सोसायट्यांतले लोक ते भरतात, बाक आणि पदपथ मागून घेतात. आमच्या विहारात यंदा वंदनेनंतर महिला मंडळाने बसून असे अर्ज लिहिले. गटाराचा आधी लिहिला, सार्वजनिक संडासाच्या दिव्याचा त्यानंतर. सही करताना एका आजींनी विचारले, "बाई, बसच्या पासाचा अर्ज यात लिहिता येतो का?" मंडळाच्या ताईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. त्यात तशी जागा नव्हती.