पेटीच्या सुरात गिटार

शहापूर,
आषाढ

चि. भाच्यास,

कल्याणहून आणलेली गिटार मुरबाडच्या घरात कोपऱ्यात उभी आहे आणि बोटं दुखतात म्हणून तू ती हातात घेत नाहीस, असं ताईने फोनवर सांगितलं. तेवढ्यावरून ‘मला संगीत येणार नाही’ असं ठरवू नकोस. नव्याने शिकणाऱ्याची पहिली अडचण बहुतेक वेळा कातडीची असते, दुसरी वाद्याची. कानाचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि आपल्या भागातल्या पोरांचे कान तर भजनात वाढलेले असतात.

आधी बोटांचं. स्टीलच्या बारीक तारा दाबताना बोटांची टोकं सोलतात, मग हळूहळू निबर होतात आणि दुखणं थांबतं. याला काही आठवडे लागतात आणि ते कुणालाच चुकत नाहीत. आवणीच्या दिवसांत मात्र एक पथ्य पाळावं लागतं. दिवसभर चिखलपाण्यात राहिलेल्या बोटांची कातडी मऊ पडते, तशा बोटांत तार चटकन रुतते. हात पूर्ण कोरडे झाले, जेवण झालं, की मग बसावं. पंधरा-वीस मिनिटं पुरतात, फक्त रोज.

वाद्याचं दुखणं वेगळं. शहापूर-मुरबाडच्या पावसात हवा इतकी दमट असते की गिटारीची फळी फुगते आणि तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यातलं अंतर मोजून बघ. तीन मिलिमीटरहून जास्त असेल तर शिकणाऱ्याला दुप्पट जोर लावावा लागतो आणि दोष तो स्वतःच्या हाताला देतो. अशी गिटार कारागिराकडून नीट करून घ्यावी. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, नाहीतर गंज चढतो. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि सुकवायची म्हणून चुलीजवळ तर मुळीच नको.

बोटांबद्दल आणखी एक. जँगो राईनहार्ट हा युरोपातला फार मोठा गिटारवादक. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचं बोट कायमचं अधू झालं. मुख्य सुरावटी तो उरलेल्या दोन बोटांनी वाजवायचा, आणि त्याचं जगभर ऐकलं गेलेलं वादन या आगीनंतरचं आहे. धडधाकट चार बोटं असणाऱ्याने पहिल्या महिन्यात निराश व्हायचं काही कारण नाही.

आता जे खास सांगायचं आहे ते. गिटार शिकवणारे कल्याणला, ठाण्याला मिळतील. मुरबाडला रेल्वे नाही आणि रोजचं जाणं-येणं परवडत नाही, हे खरं. पण गावोगावच्या देवळात भजनी मंडळाची पेटी असते, आणि ती गिटारीची उत्तम शिक्षक आहे. गिटारीच्या मोकळ्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीवर यांतला प्रत्येक सूर पांढऱ्या पट्टीवर सापडतो: सफेद तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. पेटीवाल्या बुवांना एकेक पट्टी धरून ठेवायला सांगावं आणि खुंटी पिळत तार त्या सुराला आणावी. मोबाईलवरचं सूर जुळवायचं यंत्र सुई दाखवतं, पण मंडळाची जुनी पेटी त्या सुईपासून थोडी खाली-वर असू शकते. तिच्यासोबत वाजवायचं तर तिच्याच सुरात लावायला हवं. शिवाय डोळ्यांऐवजी कानाने जुळवायची सवय लागते, आणि गिटारीत यापेक्षा मोलाची सवय दुसरी नाही.

भजनं बहुधा काळ्या पट्ट्यांतून गातात. त्यासाठी कॅपो घ्यावा, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. तो पहिल्या पडद्यावर लावला की सी कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा, आकार काळी एकला येतो, डीचा काळी दोनला, जीचा काळी चारला आणि एचा काळी पाचला. नवशिक्याला जमणारे हेच सोपे आकार. एफची कॉर्ड, जिच्यात एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात, ती सहा महिन्यांनी आली तरी चालेल. भजनी ठेका आठ मात्रांचा. आधी एका कॉर्डवर दर दुसऱ्या मात्रेला हात वरून खाली मारावा. ठेका हलला नाही की मगच कॉर्ड बदलायला घ्यावी.

हे वाद्य आपल्या संगीतात परकं राहिलेलं नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा तुकडा सरकवत रागसंगीत वाजवलं. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर त्यांची गिटार आहे, आणि तबल्यावर आहेत माणिकराव पोपटकर. ती ध्वनिमुद्रिका मुद्दाम ऐक.

तेव्हा येत्या एकादशीला गिटार घेऊन मंडळात जा. वाजवायचा आग्रह धरू नकोस. भजन सुरू होण्याआधी बुवांकडून सहा तारा लावून घे आणि मागे बसून एका कॉर्डवर ठेका धर. आवाज बेताचा ठेव, तिथे मान गाणाऱ्याचा आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा