डॉक्टरबाईंचं देणं

रत्नागिरीतल्या ज्या डॉक्टरबाईंचं मी देणं लागते, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. पण त्यांनी काय केलं ते सांगायलाच हवं. माझ्यासारख्या बायका पावस-जाकादेवीपासून लांजा-राजापुरापर्यंत घरोघरी आहेत आणि त्या गप्प आहेत.

पाळीत पोट दुखणं हा आमच्या घरी आजार नव्हताच. आई लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबायची, मधूनच बांधावर पोट धरून बसायची आणि पुन्हा रोपांची मूठ हातात घ्यायची. मीही तेच शिकले. शाळेत नोकरी लागल्यावर गोळी घेऊन वर्गावर उभी राहायचे. तिशी उलटली आणि दुखणं पाळीच्या आधीच सुरू होऊन कंबरेतून मांडीत उतरू लागलं. दुसऱ्या एका शहरात दाखवलं, तिथे सोनोग्राफीचा कागद पाहून सल्ला मिळाला, "मूल झालंय ना? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." कुणी धड विचारपूस केली नाही. घरी ऑपरेशनची तारीखही ठरत आली होती.

जाऊबाईंनी हट्टाने मला या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी फाईल बाजूला ठेवली. दुखणं पाळीच्या किती आधी सुरू होतं, पाळीत संडासला बसताना कळ येते का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, असं एकेक विचारत गेल्या. शेवटचं मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मी रडले. त्यांनी घाई केली नाही. मग तपासलं, स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली आणि कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर, ओव्हरीवर, आतड्याजवळ रुजतो. पाळीबरोबर त्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. ओव्हरीत ते साचून दाट, तपकिरी होतं, ती चॉकलेट सिस्ट. आजाराचं नाव एंडोमेट्रिऑसिस. पाळी येणाऱ्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला तो असतो आणि निदान व्हायला कित्येक वर्षं जातात.

"तुमची पिशवी चांगली आहे, ताई. चांगला अवयव मी काढणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि नुसती पिशवी काढून हे दुखणं जाईलच असंही नाही."

माझं खरं देणं या बोलण्याचं आहे. ऑपरेशन त्यानंतरचं.

दुर्बिणीतून करायचं म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या. गावात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं, एवढंच त्यांना माहीत. डॉक्टरबाईंनी त्यांनाही समोर बसवून सगळं सांगितलं. बेंबीतून दुर्बीण, खाली बोटाच्या पेरापेक्षाही लहान छेद, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, सिस्टचं आवरण सोलून काढायचं आणि ओव्हरी होईल तितकी राखायची. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या मावशीला कित्येक दिवस कळशी उचलू दिली नव्हती. मी दुसऱ्या दिवशी चालत होते. खांदा मात्र दुखला, तो गॅसमुळे. सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाठ तपासणीला गेली, रिपोर्ट साधा आला. आजार परतू शकतो हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून गोळ्या आणि तपासण्या अजून चालू आहेत.

आभार मानायला गेले की त्या श्रेय मागच्यांना देतात. जे. जे. रुग्णालयात 1972 मध्ये पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरू लागलेले आणि 1990 मध्ये तिथेच दुर्बिणीतून पित्ताशय काढणारे डॉ. तेहमटन उदवाडिया. त्यांच्याही आधीचे, मूळ गोव्यातले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. त्यांचा टाका जगभर गर्भ टिकवायला वापरतात, पण अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायकांचं गर्भाशय न काढता वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली. बाईचा अवयव राखायचा, ही शिकवण इतकी जुनी आहे. तरीही 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची हकीकत बाहेर आली. ऐन तरुणपणी गर्भाशय काढलेल्या हजारो बायका. ते वाचताना मला माझी ठरत आलेली तारीख आठवली आणि हात थरथरले.

मी काय देऊ, असं विचारलं तेव्हा डॉक्टरबाईंनी एकच काम सांगितलं: शाळेतल्या मुलींशी बोला. तेव्हापासून दर पालकसभेनंतर मी आयांना थांबवून घेते. त्यांना सांगते तेच इथेही सांगते. पाळीत दुखण्यापायी मुलीची शाळा बुडत असेल तर तिला "सोस" म्हणू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. आणि तुम्हाला कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर कारण विचारा, कागद घ्या, आणि होकार देण्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवा.